डफटाउनचे ग्रँट: तांबं, ओक आणि पाच पिढ्या

स्कॉटलंडच्या ईशान्येला, स्पे नदीच्या परिसरात डफटाउन नावाचं एक छोटं गाव आहे. १८८६ साली तिथल्या मॉर्टलाक डिस्टिलरीच्या व्यवस्थापकानं, विल्यम ग्रँटनं, वीस वर्षांची नोकरी सोडली. लहानपणी त्यानं गुरं राखली होती, मग जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारी केली होती. १८६६ मध्ये तो मॉर्टलाकला हिशेबनीस म्हणून लागला आणि तिथेच व्हिस्की कशी बनते ते हाताखालून घालत शिकला. घरी नऊ मुलं, सात मुलगे आणि दोन मुली. एवढा संसार पाठीशी असताना त्यानं स्वतःची डिस्टिलरी काढायचं ठरवलं.

नवी यंत्रसामग्री घेण्याइतका पैसा नव्हता. जवळच्या कार्डो डिस्टिलरीची मालकीण एलिझाबेथ कमिंग त्या सुमारास तिची डिस्टिलरी नव्यानं बांधत होती. तिची जुनी तांब्याची भांडी आणि इतर सामान ग्रँटनं ११९ पौंड १९ शिलिंग १० पेन्सला विकत घेतलं. मग मुलांना हाताशी धरून इमारत उभी केली. १८८७ च्या नाताळच्या दिवशी त्या जुन्या भांड्यांतून पहिली धार पडली. डिस्टिलरीचं नाव ठेवलं ग्लेनफिडिक.

पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. ज्या कार्डोकडून भांडी घेतली ती १८९३ मध्ये वॉकर घराण्यानं, म्हणजे जॉनी वॉकरवाल्यांनी, विकत घेतली. ज्या मॉर्टलाकमध्ये ग्रँट शिकला तीही नंतर वॉकरांकडेच गेली. १९२५ मध्ये वॉकर स्वतः डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड या बड्या समूहात सामील झाले आणि आज हे सगळं डिआजिओ या बहुराष्ट्रीय कंपनीत आहे. स्कॉच व्हिस्कीतल्या बहुतेक जुन्या घराण्यांची कथा थोड्याफार फरकानं अशीच. विल्यम ग्रँट अँड सन्स मात्र अजूनही त्याच कुटुंबाच्या मालकीची आहे, आणि आता पाचवी पिढी आहे.

यात नशिबाचा भाग आहे, हट्टाचाही आहे. पण मला वाटतं, खरं उत्तर ते जी वस्तू विकतात तिच्या रसायनात आहे. व्हिस्की ही अतिशय सावकाश घडणारी गोष्ट आहे. आज घेतलेला निर्णय बरोबर होता की चूक, हे बारा, पंधरा, कधी तीस वर्षांनी कळतं. एवढा काळ थांबू शकणारा मालक लागतो. म्हणून या घराण्याचा इतिहास सांगायचा तर तांबं, लाकूड आणि वाफ यांच्याविषयी बोलल्याशिवाय तो पुरा होत नाही. व्हिस्की पिणं-न पिणं ज्याचं त्याच्यापाशी; त्यातलं विज्ञान मात्र सगळ्यांसाठी आहे.

माल्ट व्हिस्कीची सुरुवात जवापासून होते. जव भिजवून मोड आणले की दाण्यात विकरं (एन्झाइम) तयार होतात, आणि ती पिठूळ द्रव्याचं साखरेत रूपांतर करायला सज्ज असतात. मोड वाढायच्या आत जव वाळवला, दळला आणि साधारण ६४ अंश सेल्सिअसच्या पाण्यात कालवला की ही विकरं कामाला लागतात. पाणी जास्त तापलं तर विकरं नासतात, गार राहिलं तर काम रेंगाळतं. मिळालेलं गोड पाणी लाकडी पिंपांत यीस्ट घालून आंबवतात. दोन-तीन दिवसांत आठ-नऊ टक्के मद्यार्क असलेलं आंबवण तयार होतं. ग्लेनफिडिकमध्ये ही पिंपं डग्लस फर या झाडाच्या लाकडाची आहेत. यीस्ट नुसता मद्यार्क बनवत नाही, फळांच्या वासाची एस्टर नावाची संयुगंही बनवतं. पिकल्या केळ्याचा किंवा नासपतीचा जो वास पुढे व्हिस्कीत जाणवतो, त्याचा उगम इथे असतो. पाण्याला चवीचं श्रेय देण्याची रीत व्हिस्कीच्या जाहिरातींत फार जुनी आहे. ग्रँट कुटुंबानंही आपल्या रॉबी डू झऱ्याच्या भोवतीची जमीन विकत घेऊन तो झरा जपला आहे. तो जपायलाच हवा, कारण डिस्टिलरीला मुबलक, थंड, स्वच्छ पाणी लागतं. चवीचा मोठा भाग मात्र पुढच्या दोन टप्प्यांत ठरतो: तांब्यात आणि ओकमध्ये.

ऊर्ध्वपातन दोनदा करतात. ज्यांनी गोव्यात काजूच्या भट्ट्या पाहिल्या आहेत त्यांना हे वेगळं सांगायला नको. बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली वाफ गार केली की हुर्राक मिळतो, आणि पुन्हा उकळून फेणी. स्कॉटलंडमध्येही पहिल्या भांड्यातून वीस-बावीस टक्क्यांचं सौम्य पाणी निघतं आणि दुसऱ्या भांड्यातून सत्तर टक्क्यांच्या आसपासचा तेज अर्क. दुसऱ्या खेपेला पहिली धार बाजूला काढतात, शेवटची धार बाजूला काढतात आणि फक्त मधली राखतात. पहिल्या धारेत झोंबणारी, चटकन उडून जाणारी द्रव्यं असतात. शेवटच्या धारेत जड, तेलकट, ओल्या चामड्यासारखा वास असलेली. मधली धार नेमकी कुठे सुरू करायची आणि कुठे तोडायची हा प्रत्येक डिस्टिलरीचा स्वतःचा निर्णय असतो, आणि व्हिस्की हलकी होणार की भारदस्त, हे बरंचसं त्यावर ठरतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. विषारी दारूनं माणसं मरतात ती पहिली धार टाकून न दिल्यामुळे, असं पुष्कळांना वाटतं. धान्यापासून बनवलेल्या आंबवणात मिथेनॉल अत्यल्प असतं. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं दगावली, ती दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. तो ऊर्ध्वपातनातल्या चुकीचा परिणाम नव्हता, तो भेसळीचा गुन्हा होता.

आता तांब्याकडे. स्कॉटलंडमध्ये माल्ट व्हिस्कीची भांडी तांब्याची असतात. जुन्या कारागिरांनी तांबं निवडलं ते ठोकून हवा तसा आकार देता येतो आणि उष्णता चांगली वाहते म्हणून. पण त्याचा सगळ्यात मोठा उपयोग कितीतरी नंतर उमगला. आंबवणात गंधकाची संयुगं असतात. डायमिथिल ट्रायसल्फाइड हे त्यातलं एक. सडक्या कोबीसारखा त्याचा वास अब्जांश प्रमाणातही नाकाला कळतो. गरम वाफ तांब्याला घासून जाते तेव्हा ही संयुगं तांब्याशी जोडली जातात आणि वाफेतून गळतात. हेच ऊर्ध्वपातन स्टेनलेस स्टीलच्या भांड्यात करून पाहिलं की अर्काला उकडलेल्या भाज्यांचा, रबराचा वास येतो.

मग भांड्याच्या आकारमानाला महत्त्व येतं. भांड्याची लांबी, रुंदी, उंची निम्मी केली तर त्यात मावणारा द्रव आठव्या हिश्शावर येतो, पण आतला पृष्ठभाग चौथ्या हिश्शावरच. म्हणजे दर लिटरमागे मिळणारं तांबं दुप्पट होतं. लहान भांड्यात अर्काचा तांब्याशी सहवास जास्त. भांड्याची मान, तिच्यावरचा फुगवटा किंवा आवळलेली कंबर यांचंही काम असतं. वर चढणारी काही वाफ मानेच्या भिंतीला लागून गार होते आणि थेंब बनून परत खाली पडते. जड रेणू आधी पडतात, हलके पलीकडे निसटतात. मान जितकी उंच आणि फुगवटा जितका ठळक, तितकी ही गळती अधिक.

विल्यम ग्रँटनं जी भांडी आणली ती छोटी होती, आणि परवडली म्हणून आणलेली होती. पण त्यातून जो अर्क उतरला तो गिऱ्हाइकांना पसंत पडला. पुढच्या पिढ्यांनी मोठी भांडी बसवून काम सोपं करता आलं असतं. त्यांनी तसं केलं नाही. मागणी वाढली तेव्हा त्याच आकारांची आणखी भांडी घडवून ओळीनं बसवली, आणि आजच्या भल्या थोरल्या ग्लेनफिडिकमध्येही भांडी तुलनेनं लहानच आहेत. तांबं झिजतं, गंधकाशी जोडलं जाताना आणि उकळत्या द्रवानं घासलं जाताना पत्रा पातळ होत जातो, आणि काही वर्षांनी भाग बदलावे लागतात. बदलताना माप चुकलं तर चव सरकते. म्हणून १९५०च्या दशकाच्या अखेरीस कंपनीनं स्वतःचे तांबट डिस्टिलरीतच ठेवले, आणि पाठोपाठ पिंपं बांधणारे कारागीरही. आपल्याकडे पुण्याच्या तांबट आळीत ज्या कसबावर पिढ्या जगल्या, तेच कसब डफटाउनच्या त्या शेडमध्ये चवीचं राखणदार झालेलं आहे. एकोणिसाव्या शतकातल्या काटकसरीच्या खरेदीतून एका अर्काचा स्वभाव ठरला आणि तो बदलू द्यायचा नाही, हे घराण्यानं ठरवून टाकलं. मला या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

१८९२ मध्ये ग्रँटनं शेजारीच बॅल्व्हेनी ही दुसरी डिस्टिलरी बांधायला घेतली. धंदा ठीक चालला होता. त्या काळी माल्ट व्हिस्की बहुतेक सगळी ब्लेंडवाल्यांना विकली जाई, आणि ब्लेंड म्हणजे काय हे समजून घेतल्याशिवाय पुढचं वळण कळणार नाही.

१८३० मध्ये आयरिश अबकारी अधिकारी ईनिअस कॉफी यानं उंच स्तंभांच्या ऊर्ध्वपातन यंत्राचं पेटंट घेतलं. त्यात आंबवण वरून सतत उतरतं, वाफ खालून सतत चढते, आणि भांडं रिकामं करून पुन्हा भरण्याची गरज उरत नाही. स्तंभातल्या एकेका चाळणीवर एकेक छोटं ऊर्ध्वपातन होतं, त्यामुळे अर्क नव्वद टक्क्यांच्या वर जातो. तो स्वस्त असतो, हलका असतो, पण वासानं गरीब असतो. याला ग्रेन व्हिस्की म्हणतात. एडिनबरोचा अँड्र्यू अशर आणि त्याच्यासारखे व्यापारी निरनिराळी पिंपं एकत्र करू लागले, आणि १८६० च्या कायद्यानं कर भरण्याआधीच गोदामात माल्ट आणि ग्रेन मिसळायची मुभा दिली. तेव्हापासून ब्लेंडेड स्कॉचचं युग सुरू झालं. याच सुमारास फायलोक्सेरा नावाच्या किडीनं फ्रान्समधल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त केल्या, ब्रँडीचा तुटवडा पडला आणि ती जागा स्कॉचनं घेतली.

मिसळण्यामागे एक सांख्यिकी शहाणपण आहे. एकाच दिवशी, एकाच भांड्यातून, शेजारशेजारच्या दोन पिंपांत भरलेला अर्क दहा वर्षांनी सारखा निघत नाही. कारण ती दोन पिंपं दोन वेगळ्या झाडांची असतात. एकेक पिंप विकलं तर गिऱ्हाइकाला दर वेळी नवा अनुभव येईल. शंभर पिंपं एकत्र केली तर त्यांतले चढउतार एकमेकांना छेदतात आणि सरासरीतला फरक एका पिंपाच्या मानानं दहाव्या हिश्शावर येतो. सातत्य हवं तर साठा मोठा आणि विविध हवा, आणि असा साठा उभा करायला पैसा अनेक वर्षं अडकवून ठेवावा लागतो.

लीथ बंदरातले पॅटिसन बंधू हे त्या काळातले बडे ब्लेंडवाले. जाहिरातीवर त्यांनी अमाप खर्च केला. त्यांच्या व्हिस्कीचं नाव घ्यायला शिकवलेले शेकडो पोपट त्यांनी दुकानदारांना वाटले, असं सांगतात. आतून मात्र हिशेब पोकळ होते. १८९८ च्या डिसेंबरमध्ये पेढी बुडाली आणि तिच्यासोबत कित्येक माल्टवाले बुडाले, कारण माल घेणारंच कुणी उरलं नाही. पॅटिसन बंधू तुरुंगात गेले. ग्रँट कुटुंबाचंही मोठं गिऱ्हाईक गेलं होतं. त्यांनी तेव्हा ठरवलं की आपणच ब्लेंड करायचं आणि आपणच विकायचं. ग्रँट कुळाच्या घोषवाक्यावरून त्याला ‘स्टँड फास्ट’ हे नाव दिलं. विल्यमचा जावई चार्ल्स गॉर्डन हा शाळामास्तर होता. तो ग्लासगोत दुकानांचे उंबरे झिजवू लागला, आणि पहिली पेटी खपायला त्याला अक्षरशः शेकडो नकार पचवावे लागले. १९०९ मध्ये तो ऑस्ट्रेलियाच्या बाजूला व्यापारदौऱ्यावर गेला. पहिलं महायुद्ध सुरू होईपर्यंत कंपनीचे वितरक तीस देशांत होते. विल्यम ग्रँट १९२३ मध्ये वारला.

पुढची चाळीस वर्षं मी भरभर ओलांडतो: अमेरिकेतली दारूबंदी, मंदी, दुसरं महायुद्ध. एवढंच नोंदवतो की दारूबंदीच्या काळात इतर डिस्टिलऱ्या बंद पडत असताना विल्यमचा नातू ग्रँट गॉर्डन यानं उत्पादन वाढवलं. बंदी कधीतरी उठेल आणि तेव्हा जुनी व्हिस्की ज्याच्याकडे असेल तोच विकू शकेल, हा हिशेब होता. नवीन अर्क एका रात्रीत बनवता येतो. बारा वर्षांचा साठा कुणालाच घाईनं बनवता येत नाही. ब्रिटनमध्ये १९१५-१६ पासून तीन वर्षांच्या आतला अर्क व्हिस्की म्हणून विकता येत नव्हता.

१९६३ हे वर्ष मात्र थांबून पाहायला हवं, कारण त्या एका वर्षात या कंपनीनं दोन मोठ्या उड्या मारल्या.

पहिली ग्रेन व्हिस्कीची. ब्लेंड करायला ग्रेन व्हिस्की लागते, आणि तिचा पुरवठा बहुतांशी डिस्टिलर्स कंपनी लिमिटेड या प्रतिस्पर्ध्याच्याच हातात होता. त्यानं नळ बंद केला तर ‘स्टँड फास्ट’ आटणार, हे उघड होतं. कुटुंबातल्या चार्ल्स गॉर्डन यांनी (वर आलेल्या जावयाच्याच नावाचे, पण नंतरच्या पिढीतले) नैर्ऋत्य किनाऱ्यावर गर्वन इथे स्वतःची ग्रेन डिस्टिलरी उभी केली, आणि तीही अवघ्या नऊ महिन्यांत. गर्वनला पुढे निर्वातात चालणारे स्तंभ आले. हवेचा दाब कमी केला की द्रव कमी तापमानाला उकळतो, त्यामुळे आंबवणातले घन कण करपत नाहीत आणि अर्क स्वच्छ, हलका उतरतो. शिवाय इंधन वाचतं.

दुसरी उडी त्याहून धाडसाची. तोवर स्कॉटलंडबाहेर लोक ब्लेंडच पीत होते. एकाच डिस्टिलरीची माल्ट व्हिस्की, म्हणजे सिंगल माल्ट, बाहेरच्यांना जड जाईल, असं धंद्यातल्या सगळ्यांचं मत होतं. चार्ल्स यांचे भाऊ सँडी ग्रँट गॉर्डन यांनी ग्लेनफिडिक ‘स्ट्रेट माल्ट’ म्हणून, तीन बाजूंच्या हिरव्या बाटलीत परदेशी पाठवली. विचार करून पाहा: ही व्हिस्की विकायला त्यांना जो साठा लागणार होता तो त्याआधी कितीतरी वर्षं पिंपांत भरलेला होता, आणि मागणी वाढली तर पुढच्या दशकासाठी लागणारा साठा त्याच वर्षी भरायला हवा होता, ती मागणी येईल याचा कसलाही पुरावा नसताना. दर तिमाहीला भागधारकांना नफा दाखवावा लागणाऱ्या कंपनीला हा जुगार पेलला नसता. आज जगभर सिंगल माल्टची जी बाजारपेठ दिसते तिचा रस्ता मुख्यत्वे तिथून फुटला.

पिंपात नेमकं होतं काय? ताजा अर्क पाण्यासारखा रंगहीन असतो. त्यात पाणी घालून तो ६३.५ टक्क्यांवर आणतात आणि ओकच्या पिंपात भरतात. अमेरिकेत बुरबाँ या तिथल्या व्हिस्कीसाठी आतून जाळलेली कोरी पिंपंच वापरावी लागतात. एकदा वापरलेली पिंपं त्यांच्या कामाची उरत नाहीत, ती स्कॉटलंडला येतात. जळालेला थर कोळशासारखा असतो, उरलासुरला गंधक शोषून घेतो. त्याखालच्या भाजलेल्या लाकडात लिग्निन तुटून व्हॅनिलिन तयार झालेलं असतं, म्हणजे व्हॅनिलाच्या शेंगेत असतं तेच द्रव्य. ओकमधल्या लॅक्टोनमुळे ओल्या नारळाचा वास येतो. टॅनिन रंग आणि तुरटपणा देतं. लाकडाच्या छिद्रांतून हवा आत शिरते आणि सावकाश ऑक्सिडीकरण होतं. आम्ल आणि मद्यार्क जुळून नवी एस्टर बनतात. शेरी या स्पॅनिश मद्याची पिंपं असतील तर सुक्या मेव्याचा वास येतो.

१९६२ मध्ये डेव्हिड स्ट्युअर्ट नावाचा सतरा वर्षांचा मुलगा साठ्याच्या नोंदी ठेवणारा कारकून म्हणून कंपनीत लागला. १९७४ मध्ये तो मुख्य ब्लेंडर झाला. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एक प्रयोग केला: बुरबाँच्या पिंपात मुरलेली बॅल्व्हेनी काढून काही महिने शेरीच्या पिंपात ठेवली. पहिल्या पिंपानं व्हॅनिला आणि मध दिला होता, दुसऱ्यानं त्यावर मनुकांचा आणि मसाल्याचा थर चढवला. १९९३ मध्ये ही व्हिस्की ‘डबलवुड’ म्हणून बाजारात आली, आणि आज ही पद्धत साऱ्या उद्योगात रूढ आहे. स्ट्युअर्ट साठ वर्षं त्याच घराण्यात राहिले. बॅल्व्हेनीची धुरा पुढे त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या केल्सी मकेक्नी यांनी घेतली. ब्लेंडरचं काम बव्हंशी नाकाचं असतं, जिभेचं नव्हे. नमुना पाणी घालून साधारण वीस टक्क्यांवर आणतात आणि हुंगतात. पाण्यानं वास का खुलतो याचा एक खुलासा २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनिअस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रिडमन यांनी संगणकावरच्या रेणूंच्या प्रतिरूपातून दिला. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल हा रेणू तीव्र मद्यार्कात आत दडून राहतो. पाणी वाढलं की मद्यार्कासोबत पृष्ठभागाकडे सरकतो, आणि तिथून नाकापर्यंतची वाट सोपी असते.

स्ट्युअर्ट यांचं आणखी एक काम मला गणितामुळे आवडतं. १९९८ मध्ये आलेल्या पंधरा वर्षांच्या ग्लेनफिडिकसाठी त्यांनी एक मोठी लाकडी टाकी बसवली, आणि नियम केला की ती अर्ध्याहून अधिक कधी रिकामी करायची नाही. स्पेनमधल्या शेरीवाल्यांची ही रीत. समजा दर वेळी निम्मी काढली आणि नवी भरली. पहिल्या दिवशीची व्हिस्की एका खेपेनंतर निम्मी उरेल, दोन खेपांनंतर पाव, दहा खेपांनंतर १,०२४वा हिस्सा. कितीही खेपा झाल्या तरी शून्य होणार नाही. पण तिचा खरा उपयोग त्या जुन्या थेंबांत नाही. एखादी खेप थोडी वेगळी निघाली तरी टाकीतली जुनी निम्मी तिला सावरते, आणि तिचा परिणाम पुढच्या खेपांत वाटला जातो. वर्षानुवर्षं एकसारखी चव राखायचा हा फार साधा आणि फार हुशार उपाय आहे.

नावाचीही राखण करावी लागते. आपली सिंगल माल्ट दुसऱ्या कुणी पिंपानं विकत घेऊन ग्लेनफिडिक म्हणून बाटलीत भरू नये, यासाठी बाहेर विकायच्या पिंपात शेजारच्या बॅल्व्हेनीची अगदी थोडी मात्रा घालतात. चवीत काही फरक पडत नाही. पण दोन डिस्टिलऱ्यांचा माल एकत्र आला की कायद्यानं ती सिंगल माल्ट उरत नाही, आणि कुणाचंही नाव लावता येत नाही.

साठा जपताना निसर्गाचा मार असतोच. २०१० च्या जानेवारीत डफटाउनला एवढं बर्फ पडलं की गोदामांची छपरं खचली आणि पिंपं उघड्यावर आली. कामगारांनी कडाक्याच्या थंडीत बर्फ उपसून ती वाचवली. त्यांतल्या काहींची व्हिस्की एकत्र करून ‘स्नो फीनिक्स’ नावानं विकली गेली. पण रोजचा, न दिसणारा तोटा याहून मोठा आहे. पिंपातून दरवर्षी साधारण दोन टक्के व्हिस्की हवेत उडून जाते. स्कॉटलंडमध्ये तिला देवदूतांचा वाटा म्हणतात. गोदामांच्या भिंती आणि आजूबाजूची झाडं काळी पडलेली दिसतात ती याच वाफेवर पोसणाऱ्या बॉडोइनिया नावाच्या बुरशीमुळे. दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात, पण ते चक्रवाढीनं चालतात. बारा वर्षांत जवळपास बावीस टक्के जातात, तीस वर्षांत पंचेचाळीस. १९९१ मध्ये ग्रँट कुटुंबानं पन्नास वर्षांची ग्लेनफिडिक काढली. विल्यमच्या नऊ मुलांची आठवण म्हणून नऊ पिंपांतून ती घेतली होती, आणि त्या पिंपांत अर्क भरला होता १९३०च्या दशकात. पन्नास वर्षांत पिंपातली जेमतेम छत्तीस टक्के व्हिस्की उरते.

या आकड्याजवळ आपल्याकडचा एक आकडा ठेवून पाहावा. दक्षिण गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची डिस्टिलरी आहे; तिची सिंगल माल्ट २०१२ पासून बाजारात आहे. भांडी तांब्याची, ओकची पिंपं तीच, पण हवामान गोव्याचं. तिथे वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास उडून जातं. या दरानं बारा वर्षांनी पिंपात सदतीस टक्के उरेल, म्हणजे डफटाउनला पन्नास वर्षांत जे व्हायचं ते गोव्यात बारा वर्षांत होतं. उष्णतेनं लाकडातून रंग, व्हॅनिलिन, टॅनिन झपाट्यानं उतरतं. मात्र सगळ्याच प्रक्रियांचा वेग सारखा वाढत नाही. लाकडातून उतरणं एका गतीनं चालतं, ऑक्सिडीकरण दुसऱ्या गतीनं, एस्टर बनणं तिसऱ्या. त्यामुळे गोव्यातली पाच-सहा वर्षांची व्हिस्की ही स्कॉटलंडच्या वीस वर्षांच्या व्हिस्कीची नक्कल होत नाही. ती वेगळीच वस्तू होते, आणि चांगली होऊ शकते. बाटलीवरच्या वर्षांच्या आकड्यावरून या दोघींची तुलना करण्यात अर्थ नाही. गोव्याच्या उन्हात कोणतं पिंप किती महिने ठेवायचं याची वही तिथल्या माणसांनाच, तिथल्याच गोदामात भरावी लागेल, आणि ग्रँट घराण्याकडे अशा वह्या १८८७ पासूनच्या आहेत.